लिनक्स सर्व्हरच्या कर्नलमधली सिक्युरिटीची भोकं कशी बुजवायची: अपडेट टाकून थांबू नका, रीबूटपर्यंत जा

नाशिकच्या अंबडला एक वर्कशॉप आहे, गाड्यांचे पार्ट बनवतात, तिथे मागच्या पावसाळ्यात सर्व्हर बघायला गेलो होतो. मालक कौतुकाने म्हणाले, "भाऊ, चारशे दिवस झाले, एकदाही बंद केला नाही." मी बघितलं तर अपडेट सगळे वेळेवर पडलेले, डिस्कवर नवे कर्नल येऊन बसलेले, पण चालू होता तो चारशे दिवसांपूर्वीचाच कर्नल! म्हणजे मधल्या काळात कर्नलमधलं जे जे दुरुस्त झालं ते सगळं डिस्कवर पडून, आणि मेमरीत जुनीच भोकं उघडी. सातपूर, अंबड, कॉलेज रोडची ऑफिसं, कुठेही जा, हेच दिसतं मला, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहितोय.

कमांड मी फोनवर सांगतो तशाच इथे लिहिल्यात, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरांत करायच्या.

आधी दोन शब्द कर्नलबद्दल. मेमरी, डिस्क, नेटवर्क, कोणाला काय वाचता येईल, काय लिहिता येईल, हे सगळं ठरवणारा तो. टॅलीत किंवा ब्राउजरमध्ये बग असला तर नुकसान बहुतेक त्या प्रोग्रामपुरतं, पण कर्नलमध्ये असला की साधा युजर थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक, होऊ शकतो. २०१६ मध्ये सापडलेला डर्टी काऊ २००७ पासून कर्नलमध्ये होता, नऊ वर्षं! २०२२ चा डर्टी पाइप तर त्याहून सोपा, फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्ये साध्या युजरला स्वतःचा मजकूर घुसवता यायचा. तो सापडला कसा, तर मॅक्स केलरमन नावाच्या प्रोग्रामरकडे ग्राहकाच्या लॉग फाइल खराब होत असल्याची तक्रार आली, त्याने ती सोडून न देता मुळापर्यंत शोध घेतला आणि शेवटी बग निघाला कर्नलमध्ये. अशा माणसांनी घेतलेली मेहनत आपल्या मशीनपर्यंत पोचवायची तेवढंच आपलं काम आहे, ते तरी आपण करूया.

पायरी १: काय चालू आहे ते बघा

यूनेम, स्पेस, डॅश आर. जो नंबर येईल तो आत्ता चालू असलेला कर्नल. मग उबंटू-डेबियनवर डीपीकेजी डॅश एल, पुढे पाइप, ग्रेप लिनक्स डॅश इमेज, यात डिस्कवर कुठकुठले आहेत ते दिसतं. दोन्हींत फरक असला, म्हणजे डिस्कवर नवा आणि चालू जुना, तर वरच्या वर्कशॉपसारखीच तुमची अवस्था. उबंटूत व्हार रन फोल्डरमध्ये रीबूट डॅश रिक्वायर्ड नावाची फाइल दिसली तरी तोच अर्थ. रॉकी किंवा अल्मा (रेड हॅटच्या घराण्यातले लिनक्स) असेल तर नीड्स डॅश रीस्टार्टिंग डॅश आर चालवा.

इथे एक गोंधळ सगळ्यांचा होतो. डर्टी पाइपचा फिक्स मूळ कर्नलच्या ५.१५.२५ मध्ये आला, आणि उबंटू २२.०४ वर नंबर दिसतो ५.१५.० आणि पुढे डॅश देऊन आणखी एक आकडा, मग लोक घाबरतात की आपला तर जुना आहे. तसं नसतं. डिस्ट्रोवाले (उबंटू, डेबियनसारखं तयार लिनक्स देणारे) मूळ नंबर तोच ठेवून फिक्स मागे आणून बसवतात आणि डॅशनंतरचा आकडा वाढवतात. त्यामुळे बातमीतला नंबर आपल्या नंबरशी लावून बघू नका, उबंटूच्या किंवा डेबियनच्या सिक्युरिटी पानावर सीव्हीई नंबर (प्रत्येक भोकाला दिलेला ओळखीचा नंबर) टाका, तुमच्या रिलीजसमोर कुठल्या पॅकेजमध्ये फिक्स आलाय ते लिहिलेलं असतं.

पायरी २: सपोर्ट शिल्लक आहे का

सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. उबंटू १८.०४ चा साधा सपोर्ट २०२३ मध्ये, २०.०४ चा २०२५ मध्ये. यातलं काही चालवत असाल आणि वाढीव सपोर्ट घेतलेला नसेल, तर पुढच्या पायऱ्या करून फारसा उपयोग नाही, फिक्स येणारच नाहीत, नव्या रिलीजवर जायचं नियोजन आधी करा.

पायरी ३: रीबूटची तयारी

हीच पायरी लोक गाळतात आणि मग पोळले की पुढे वर्षभर रीबूटला हात लावत नाहीत. बॅकअप घ्या, आणि घेतलेल्यातली एक तरी फाइल परत काढून बघा. डीएफ डॅश एच टाकून बूट पार्टिशनमध्ये जागा किती ते बघा, ते भरलेलं असेल तर नवा कर्नल अर्धवट बसतो. मशीनला मॉनिटर-कीबोर्ड लावता येतो का, किंवा क्लाउडवर असेल तर कन्सोल उघडतो का, हे आधीच तपासा, फक्त एसएसएचच्या (नेटवर्कवरून दुरून लॉगिन करायची सोय) भरवशावर कर्नल बदलू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरून बसवलेले ड्रायव्हर. हे मी स्वतः भोगलंय. एका ठिकाणी सीएनसी मशीनला प्रोग्राम पाठवायला आठ पोर्टचं सीरियल कार्ड होतं, त्याचा ड्रायव्हर कोणीतरी कधीतरी हाताने कंपाइल करून टाकलेला, मला ते माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. रीबूट केलं, नवा कर्नल मस्त चालू झाला आणि आठही पोर्ट गायब, सकाळची शिफ्ट यायला दीड तास राहिलेला आणि ऑपरेटर लोकांचे फोन सुरू. ड्रायव्हरचं मॉड्यूल त्या त्या कर्नलसाठीच बनलेलं असतं, नव्या कर्नलला ते चालत नाही. जुन्या कर्नलवर परत बूट करून शिफ्ट वाचवली, आणि नंतर तो ड्रायव्हर डीकेएमएसमध्ये घातला, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलबरोबर तो आपोआप परत कंपाइल होतो. तेव्हा डीकेएमएस स्टेटस टाकून बघाच, आणि त्या यादीत नसलेलं कुठलं वेगळं कार्ड मशीनमध्ये आहे का ते तिथे रोज काम करणाऱ्या माणसाला विचारा, त्याला नक्की माहीत असतं.

पायरी ४: अपडेट टाका

सुडो एपीटी अपडेट, मग सुडो एपीटी फुल डॅश अपग्रेड. जुन्या सवयीने एपीटी डॅश गेट अपग्रेड टाकू नका, ते नवं पॅकेज बसवत नाही, आणि कर्नल तर दर वेळी नव्या नावाचं पॅकेज म्हणून येतो, त्यामुळे बाकी सगळं अपडेट होतं आणि नेमका कर्नलच मागे राहतो. रॉकी-अल्मावर सुडो डीएनएफ अपग्रेड. स्क्रीनवर शेवटी काय येतंय ते वाचा, डीकेएमएसचा एरर बहुतेक तिथेच दिसतो.

डॉकर वापरणाऱ्यांसाठी, कंटेनरची इमेज कितीही नवी ओढा, कर्नल खालच्या मशीनचाच असतो, तोच पॅच करावा लागतो.

पायरी ५: रीबूट करा

वेळ ठरवून करा. कारखान्यात साप्ताहिक सुट्टीला, ऑफिसात रविवारी सकाळी, आणि पिंपळगावच्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये हंगामात माल निघून गेल्यावर रात्री, पण हंगाम संपेपर्यंत थांबायचं असं नको, जानेवारी ते एप्रिल म्हणजे फार मोठा काळ झाला. लाइट जाण्याची भीती असेल तर यूपीएसची बॅटरी आधी बघून घ्या.

नवा कर्नल उठलाच नाही तर घाबरू नका, जुना अजून डिस्कवर आहे. मशीन चालू होताना शिफ्ट दाबून धरा, यूईएफआयवालं मशीन असेल तर एस्केप, ग्रबचा (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) मेनू येईल, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. हे एकदा सगळं ठीक असतानाच करून बघा, अडचणीच्या वेळी हात थरथरत नाहीत मग.

पायरी ६: खरंच झालं का

परत यूनेम डॅश आर, नंबर बदललेला दिसलाच पाहिजे. मग जर्नलसीटीएल डॅश के डॅश पी ई-आर-आर, यात कर्नलचे एरर दिसतात. २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर आले तेव्हापासून कर्नल स्वतःच सांगतो की प्रोसेसरच्या कुठल्या दोषावर बंदोबस्त झालाय: सिस, डिव्हायसेस, सिस्टम, सीपीयू, व्हल्नरेबिलिटीज या फोल्डरमधल्या फाइल वाचा. मिटिगेशन लिहिलेलं असेल तर ठीक, नुसतं व्हल्नरेबल आलं तर मायक्रोकोडचं (प्रोसेसरच्या आतल्या कोडची दुरुस्ती) पॅकेज बसवायचं राहिलंय का ते बघा.

रीबूट करणं शक्यच नसेल तर

उबंटूवर लाइव्हपॅच आहे, रेड हॅटवर केपॅच, चालू कर्नलमधलं सदोष फंक्शन बाजूला ठेवून कॉल नव्याकडे वळवतात. चांगली सोय आहे, पण सगळेच फिक्स असे येत नाहीत, त्यामुळे याने रीबूट पुढे ढकलता येतो, टळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे वाट बंद करणं. २०२४ मध्ये नेटफिल्टरच्या (कर्नलमधली फायरवॉल) एनएफ टेबल्समधल्या भोकाचा जो हल्ला फिरत होता त्याला साध्या युजरला नेमस्पेस (सिस्टमचा स्वतःपुरता वेगळा कप्पा) बनवता येणं लागायचं, ते सिससीटीएलने (कर्नलची सेटिंग बदलणारी कमांड) बंद केलं की तो हल्ला अडतो. मात्र काही कंटेनर आणि ब्राउजर यावरच चालतात, आधी तपासून घ्या.

विंडोज पीसीवाल्यांना एकच सांगतो, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनने कर्नल खरा बंद होत नाही, तो डिस्कवर साठवून परत तसाच उचलला जातो, म्हणून अपडेटनंतर रीस्टार्टच करा. आणि अँड्रॉइडमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख महिन्याच्या ०१ ची आहे की ०५ ची ते बघा, कर्नलचे फिक्स ०५ वाल्यात असतात.

पायरी ७: पुढच्या वेळची सोय

अनअटेंडेड अपग्रेड्स (उबंटू-डेबियनवर अपडेट आपोआप टाकणारी सोय) चालू ठेवा, पण ते आपणहून रीबूट करत नाही, सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक रीबूट ट्रू करून वेळ द्यावी लागते, लहान ऑफिसला रात्री दोनची चालते. जिथे रात्रपाळी असते तिथे मी हे चालू करत नाही, तिथे महिन्याचा एक दिवस ठरवून हाताने करतो. आठवडाभर नवा कर्नल नीट चालला की सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह, मागचा एक कर्नल ते ठेवतंच. अंबडच्या त्या वर्कशॉपमध्ये आता सर्व्हरच्या रॅकला एक वही बांधलीय, त्यात तारीख, जुना नंबर, नवा नंबर आणि कोणी केलं ते लिहायचं, मालक स्वतः सही करतात.