खान्देशातलं छोटं हॉटेल वर्षानुवर्षं कसं चालवावं

शेवभाजीला गर्दी आहे, गल्लाही भरतोय, तरी महिनाअखेर किराणावाल्याची उधारी फिटत नाही. जळगाव-धुळ्याकडे अशी हॉटेलं पुष्कळ. बहुतेकदा चव उत्तम असते, ताटाचा हिशोब मात्र कुणी मांडलेला नसतो. म्हणून आधी वजनकाटा घ्या.

एक ताट समोर ठेवून जिन्नसवार खर्च लिहा. समजा शेव 250 रुपये किलो आहे. ताटाला 60 ग्रॅम लागली तर 15 रुपये. रश्श्याचं तेल, कांदा, खोबरं, काळा मसाला मिळून 20, दोन भाकरी 8, कांदा-लिंबू 4. झाले 47. कच्चा माल दराच्या साधारण तिसऱ्या हिश्शात बसवावा, कारण भाडं, पगार, सिलिंडर, वीज उरलेल्यातूनच निघते. म्हणजे दर 140च्या आसपास. आता वाढणाऱ्याचा हात सैल होऊन 80 ग्रॅम शेव पडू लागली, तर ताटामागे 5 रुपये जादा. रोज 100 ताटं जात असतील तर महिन्याला 15,000! पण म्हणून हात आखडू नका, रोजचं गिऱ्हाईक ते लगेच ओळखतं. मापाची वाटी ठरवा. आणि शेव ऑर्डर आल्यावरच रश्श्यात टाका. आधी टाकली की लगदा होतो, मग ती भाजी फेकावीच लागते.

पदार्थांचा फलक ऋतूप्रमाणे बदला. भरताची हिरवी-पांढरी वांगी हिवाळ्यात स्वस्त आणि गोड असतात, तेव्हा भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी पुढे करा. उन्हाळ्यात बियाळ वांग्याचं भरीत वाढून नाव घालवू नका. श्रावणात मटण कमी खपतं, तेव्हा वरण-बट्टी ठेवा. मिरची हंगामात नंदुरबारहून वर्षाची भरावी, पण मसाला थोडाथोडाच कुटावा, नाहीतर वास उडतो.

उधारीला मर्यादा हवी. कापूस विकल्यावर देतो म्हणणारा माणूस खरा असतो, पण तुमचा भाजीवाला तोवर थांबत नाही. अन्न परवाना चालू आहे ना, हे वेळोवेळी तपासत राहा.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे मसाल्याचं प्रमाण स्वयंपाक करणाऱ्या एकट्या मावशींच्या हातात असणं. त्यांच्या शेजारी काटा घेऊन बसा, प्रत्येक मूठ मोजून वहीत उतरवा, आणि या कामाचा त्यांना वेगळा मोबदला द्या. मग त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याकडून त्या वहीवरून भाजी करून घ्या आणि जुन्या गिऱ्हाइकाला काही न सांगता वाढा. त्याने मान वर करून ‘आज मावशी नाहीत का?’ असं विचारलं, तर वहीत अजून काहीतरी लिहायचं राहिलंय.