कमांड लाइनवर कॉम्प्युटरचं तापमान बघताना या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत दुपारी तीनला माणूस बसू शकत नाही, पण कॉम्प्युटर मात्र तिथेच चालू असतो. म्हणून तापमान बघायची सवय आपल्याकडे तरी हवीच, आणि ते नीट बघायला हवं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सकाळी बघणं. ती मी स्वतः केली आहे. एका जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) ऑफिसातलं लिनक्सचं मशीन रोज दुपारी आपोआप बंद पडायचं. त्यावर दिवसभर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चालायचं. मालकांनी व्होल्टेजवर संशय घेऊन नवा स्टॅबिलायझरही आणला. मी सकाळी नऊला गेलो, टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, तापमान दाखवणारी सेन्सर्स कमांड दिली, ५२ अंश दिसले, ‘ठीक आहे’ म्हणून परत आलो. दोन दिवसांनी पुन्हा तेच, तेव्हा दुपारीच गेलो. या वेळी वॉच कमांडसोबत सेन्सर्स लावली, म्हणजे आकडा दर दोन सेकंदांनी ताजा होतो. ९४, ९७, ९९. शेजारीच क्रिटिकलची, म्हणजे धोक्याची, मर्यादा १०० लिहिलेली. कॅमेऱ्यांचं चित्र अडखळायला लागलं आणि थोड्याच वेळात मशीन बंद.

कॅबिनेट उघडलं. पंखा फिरत होता, पण पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये कापसाच्या बारीक तंतूंचा थर बसला होता. चिमट्याने ओढला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. मालक बघतच राहिले, ‘हाई काय शे भाऊ?’ साफ केल्यावर त्याच वेळी, त्याच कामावर ७८ अंश.

तेव्हापासून मी खोलीचं तापमानही लिहून ठेवतो. हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. त्या दिवशी खोलीत ४१ होते, म्हणजे फरक ३७. डिसेंबरात खोली १८ वर असेल तर तेच मशीन त्याच कामावर साधारण ५५ दाखवेल. हिवाळ्यातले ७० म्हणूनच मला उन्हाळ्यातल्या ७८ पेक्षा जास्त काळजीचे वाटतात.

आता आकडे वाचताना होणाऱ्या गफलती. सेन्सर्स-डिटेक्ट (मशीनमधले सेन्सर शोधणारी कमांड) एकदा न चालवताच ‘माझ्या मदरबोर्डला सेन्सरच नाहीत’ असं ठरवू नका. ते बरेच प्रश्न विचारतं. घाबरून सगळ्याला ‘हो’ म्हणू नका, नुसतं एंटर दाबत गेलात की सुरक्षित उत्तरंच निवडली जातात. यादीत एखादी ओळ १२७ किंवा उणे १२८ दाखवत असेल तर मशीन पेटलेलं नाही; सेन्सर चिपच्या त्या पिनेला बहुधा काही जोडलेलंच नसतं. एसीपीआयची (मदरबोर्डच्या फर्मवेअरकडून येणारी) ओळ काही मशीनवर दिवसभर एकाच आकड्यावर अडून राहते, तिच्यावर विसंबू नका. इंटेलसाठी कोअरटेम्प आणि एएमडीसाठी के-टेन-टेम्प, या प्रोसेसरच्या तापमानाच्या ओळी बघा. सुरुवातीच्या काही रायझन प्रोसेसरवर टीसीटीएलचा (पंख्याचा वेग ठरवायला वापरला जाणारा) आकडा मुद्दाम २० अंशांनी चढवलेला असतो, तिथे टीडाय (चिपचं प्रत्यक्ष तापमान) दिसत असेल तर तोच आकडा खरा. लिनक्स तापमान जिथे लिहून ठेवतं त्या थर्मल झोनच्या फाइलमधून थेट वाचताय? तिथे आकडा अंशाच्या हजाराव्या भागात असतो, ४७००० म्हणजे ४७ अंश. आणि स्क्रिप्ट लिहिताना हार्डवेअर मॉनिटरचा (लिनक्स प्रत्येक सेन्सर चिपला देतं तो) क्रमांक पक्का धरू नका, रीबूटनंतर तो बदलू शकतो, नावाने शोधा. व्हर्च्युअल मशीनच्या (सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरच्या आत चालवलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या) आत हे सेन्सर सहसा दिसतच नाहीत.

फक्त प्रोसेसर बघून थांबू नका. हार्ड डिस्कचं तापमान स्मार्टसीटीएल या कमांडने कळतं, आणि लिनक्स कर्नल ५.६ पासून ड्राइव्हटेम्प मॉड्यूल लोड केलं की सेन्सर्समध्येही दिसतं. डिस्क ५० च्या वर राहत असेल तर मी तिची जागा बदलतो.

कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडणं ही आपल्याकडे घरोघरी दिसणारी चूक. आकडा उतरतो, हे खरं. पण ती हवा ओली असते. आधीच साचलेली धूळ तिने भिजून पात्यांवर घट्ट बसते, मग ब्लोअरनेही निघत नाही. कूलर माणसांकडे ठेवा, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. ब्लोअर मारण्याआधी मशीन बंद करून वायर काढा आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर जोराच्या हवेने पंखा भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. जिनिंगच्या हंगामात त्या ऑफिसात आता ही सफाई दर पंधरा दिवसांनी होते.