अ‍ॅड हॉक नेटवर्कमध्ये सीएची की वाटून कशी ठेवायची

मध्ये राउटर नाही, सर्व्हर नाही, नोड (म्हणजे त्यातली उपकरणं) येतात-जातात, अशा नेटवर्कमध्ये "ही पब्लिक की (सगळ्यांना दिसणारी की) त्याचीच" अशी सही द्यायची कोणी? एकाच नोडला सीए (सर्टिफिकेट अथॉरिटी, म्हणजे अशी सही केलेलं सर्टिफिकेट देणारा) केलं तर तो रेंजबाहेर गेला की सगळं ठप्प. त्याची प्रायव्हेट की (सही करायची गुप्त की) चार नोडवर कॉपी करून ठेवली तर फोडायला चार दारं, म्हणजे अजूनच वाईट. झोऊ आणि हास या संशोधकांनी १९९९ मध्ये यावर थ्रेशोल्डचा मार्ग मांडला: कीचे तुकडे करून वाटायचे, ठराविक तुकडेवाले जमले तरच सही होते.

आधी कागदावर करून बघा. सिक्रेट, म्हणजे गुप्त की, ७ धरा, चार नोड, कुठलेही दोन पुरेत. नोडचा नंबर गुणिले ३ अधिक ७, त्याला ११ ने भागून उरेल ती बाकी म्हणजे त्या नोडचा तुकडा: १०, २, ५, ८. आता पहिल्याची दुप्पट वजा दुसरा, म्हणजे २० वजा २, १८, बाकी ७. आलं परत!

पण खऱ्या सिस्टीममध्ये असं सिक्रेट परत जोडायचंच नाही हं, बरेच प्रोजेक्ट इथेच गंडतात. जोडलं की त्या क्षणी एका नोडकडे अख्खी की आली, मग एवढा खटाटोप कशाला केला. प्रत्येकाने आपल्या तुकड्याने अर्धवट सही करायची आणि फक्त सह्या जोडायच्या. स्वतः कोड लिहीत बसू नका, फ्रॉस्ट ही थ्रेशोल्ड सहीची तयार पद्धत वापरा, २०२४ मध्ये तिचा आरएफसी ९५९१ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) आलाय. सुरुवातीचे तुकडेही एकाच मशीनवर पाडण्यापेक्षा डीकेजीने (डिस्ट्रिब्यूटेड की जनरेशन) सगळ्यांनी मिळून पाडा.

थ्रेशोल्ड किती? झोऊ-हास यांच्या हिशोबात एक नोड फितूर होईल असं धरलं तर तुकडे सांभाळणारे नोड निदान चार आणि सहीला दोन, दोन फितूर धरले तर सात आणि तीन. उगाच मोठा आकडा घेऊ नका, बॅटरी संपलेले नोड मोजता मोजता सहीच मिळणार नाही.

मग रिफ्रेश, म्हणजे की तीच ठेवून तुकडे अधूनमधून बदलणं, जे लोक हमखास टाळतात. हल्लेखोर आज एक तुकडा, महिन्याने दुसरा असं जमवत बसू शकतो ना. वरच्याच उदाहरणात प्रत्येक तुकड्यात नंबर गुणिले ५ मिळवा, परत ११ ने भागून बाकी घ्या, नवे तुकडे ४, १, ९, ६. ४ ची दुप्पट वजा १, परत ७ च, म्हणजे पब्लिक की तीच राहते. पण जुना १० आणि नवा १ जोडला तर येतात ८, चोरलेला तुकडा वाया. फक्त जुने तुकडे डिस्कवरून खरंच पुसले गेलेत का ते बघा, बॅकअपमध्ये राहिले तर काही उपयोग नाही.

आणि सही मागायला आलेल्याची ओळख प्रत्येक नोडने स्वतः तपासायची, "बाकीच्यांनी बघितलं असेल" चालत नाही. सर्टिफिकेटची मुदत छोटी ठेवा, कारण रद्द झालेल्यांची यादी तुटलेल्या भागातल्या नोडपर्यंत वेळेत पोचेलच असं नाही.