एचए रूल्स लावण्याआधी: तीन नोडच्या प्रॉक्समॉक्स क्लस्टरची तयारी

प्रॉक्समॉक्स व्हीई म्हणजे अनेक सर्व्हर (नोड) एका क्लस्टरमध्ये जोडून त्यांवर व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवणारी प्रणाली. नोड पडला की त्यावरच्या व्हीएम दुसऱ्या नोडवर आपोआप सुरू करायची तिची सोय म्हणजे एचए (हाय अव्हेलेबिलिटी). ऑगस्ट २०२५ मध्ये तिचं ९.० व्हर्जन आलं आणि जुन्या एचए ग्रुप्सच्या जागी एचए रूल्स आले. यात दोन प्रकार आहेत. कोणती व्हीएम कोणत्या नोडवर चालावी हे नोड अफिनिटी सांगतं, तर कोणत्या व्हीएम एकत्र ठेवायच्या आणि कोणत्या वेगळ्या, हे रिसोर्स अफिनिटी. स्क्रीनवर रूल भरायला दोन मिनिटं पुरतात, म्हणून तर आधीचं काम राहून जातं. प्रत्येक रूलमुळे क्लस्टरचा एकेक पर्याय कमी होत असतो. तेव्हा रूल लिहिण्याआधी एकच प्रश्न धरून बसा: एक नोड गेल्यावर, हा रूल पाळून, सगळ्यांना जागा उरते का?

आठ व्हर्जनवरून येत असाल तर सगळे नोड नऊवर नेल्याशिवाय रूल्सना हात लावू नका. शेवटचा नोड अपग्रेड झाल्यावरच जुने ग्रुप आपोआप रूल्समध्ये बदलतात. बदलून आलेले रूल्स एकदा डोळ्यांखालून घाला. नोड परतल्यावर व्हीएमनेही मागे जायचं की नाही, ही फेलबॅकची सेटिंग पूर्वी ग्रुपवर असायची, आता ती प्रत्येक व्हीएमवर असते.

मग रॅकच्या मागे जा आणि कोणती केबल कोणत्या यूपीएसला गेली आहे ते कागदावर उतरवा. हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रूलला नोडचं नाव कळतं, यूपीएस कळत नाही. दोन डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे सर्व्हर) वेगळ्या नोडवर ठेवले आणि ते दोन्ही नोड एकाच यूपीएसवर असले, तर तो वेगळेपणा कागदावरच राहतो. तीन नोडमध्ये तर आणखी वाईट होतं. दोन नोड एकदम बंद पडले की तिसऱ्याकडे एकच मत उरतं, कोरम (निर्णयासाठी लागणारं बहुमत) जातो, आणि त्याच्यावर एचएखाली व्हीएम चालू असतील तर वॉचडॉग हा सुरक्षेचा टायमर साधारण मिनिटभरात त्या धडधाकट नोडलाही रीसेट करतो. यावर कोणताही प्लेसमेंट रूल चालत नाही. प्रत्येक सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या यूपीएसवर न्या. नोडमधला संवाद सांभाळणाऱ्या कोरोसिंकलाही दुसऱ्या स्विचवरून दुसरी लिंक द्या, कारण बॅकअपच्या वेळी नेटवर्क तुंबलं तर कोरम तिथेही सुटू शकतो.

आता मेमरीचा हिशोब. समजा प्रत्येक नोडला २५६ जीबी रॅम आहे आणि सेफ या सामायिक स्टोरेजच्या सहा ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणाऱ्या प्रक्रिया) आहेत. एका ओएसडीला चार धरले तरी २४ जीबी तिकडे जातात. सिस्टिमसाठी १६ बाजूला ठेवा. व्हीएमसाठी उरतात २१६. तीन नोडचे मिळून ६४८ दिसतात, पण एक नोड पडल्यावर हातात ४३२च असतात. सगळ्या एचए व्हीएमची बेरीज या आकड्याच्या आत, थोडी सैलच, बसली पाहिजे. सगळ्यात मोठी व्हीएम वेगळी तपासा. ५६ आणि ४० अशी दोन नोडवर मोकळी जागा असली, तरी ९६ जीबीचा डेटाबेस त्यात बसत नाही. शिवाय व्हीएमला नोड निवडून देणारा शेड्युलर मूळ सेटिंगवर असेल तर जागा निवडताना तो फक्त व्हीएमची संख्या मोजतो, आकार बघत नाही. डेटासेंटर ऑप्शन्समध्ये तो स्टॅटिक लोडवर ठेवता येतो.

व्हीएमकडे वळा. सीडी ड्राइव्हमध्ये त्याच नोडच्या लोकल स्टोरेजवरची आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) अडकलेली असेल तर काढा. सीपीयू टाइप ‘होस्ट’ (म्हणजे नोडचाच सीपीयू जसाच्या तसा) असेल आणि नोड वेगवेगळ्या पिढीचे असतील तर लाइव्ह मायग्रेशनच्या (चालू व्हीएम न थांबवता हलवण्याच्या) भरवशावर राहू नका. डिस्क सेफ किंवा एनएफएसवर, म्हणजे सगळ्या नोडना दिसणाऱ्या स्टोरेजवर, असेल तर प्रश्न नाही. झेडएफएस रेप्लिकेशन (डिस्कची प्रत ठरावीक वेळाने दुसऱ्या नोडवर पाठवणं) वापरत असाल तर मूळ नोड आणि ज्यांवर प्रत जाते तेवढेच नोड रूलमध्ये घाला आणि रूल स्ट्रिक्ट करा, म्हणजे यादीबाहेरचा नोड चालणारच नाही, नाहीतर डिस्क नसलेल्या नोडवर व्हीएम सुरू करायचा प्रयत्न होईल. शेवटच्या सिंकनंतरचा डेटा फेलओव्हरमध्ये (नोड पडून व्हीएम दुसरीकडे सुरू होताना) हरवणार, हे त्या अॅप्लिकेशनच्या मालकाला आधी सांगून ठेवा.

बाकी ठिकाणी स्ट्रिक्ट हात राखूनच वापरावं. ठरावीक सर्व्हरलाच लायसन्स आहे, किंवा व्हीएमला जीपीयू जोडलेला आहे, अशी कारणं खरी. स्ट्रिक्ट रूलमध्ये एकच नोड लिहिला तर तो पडल्यावर व्हीएमला जायला जागाच नसते. ‘वेगळे ठेवा’ हा रूलही तितकाच कडक आहे. तीन नोडवर तीन व्हीएम वेगळ्या ठेवल्या आणि एक नोड गेला, तर त्यावरची व्हीएम रिकव्हरीत अडकून राहते. गॅलेरा या डेटाबेस क्लस्टरच्या तीन सदस्यांना ते चालतं, कारण दोघांचं बहुमत टिकतं. तीन वेब सर्व्हरसाठी मात्र असा रूल नकोच. ‘एकत्र ठेवा’ मी तर सहसा लावत नाही. दोन मोठ्या व्हीएमना एकाच नोडवर जागा शोधायला लावणं महागात पडतं.

रूल सेव्ह केला की क्लस्टर तो लगेच अंमलात आणतो आणि चालू व्हीएम हलायला लागतात. म्हणून कामाच्या वेळेत नको. परतलेला नोड पुन्हापुन्हा पडत असेल तर फेलबॅक काढून ठेवा.

चाचणीसाठी नोड मेनूतून शटडाउन करू नका, तो मार्ग वेगळ्या धोरणाने चालतो. दोन्ही पॉवर केबल ओढा. साधारण दोन मिनिटांनी व्हीएम दुसरीकडे उठायला लागतील. कोणती कुठे गेली ते तुमच्या कागदाशी ताडून बघा, आणि प्रत्येक रूलच्या कमेंटमध्ये तो का लावला ते एका ओळीत लिहा. सहा महिन्यांनी चौथा नोड येईल तेव्हा कोणता रूल काढायचा हे त्यावरूनच ठरवता येईल.