सुईच्या रिपोर्टमध्ये ‘काही निघालं नाही’, तर पुढे काय करायचं

फुफ्फुसातल्या गाठीतून सुईने काढलेला तुकडा शेवटी माझ्या मायक्रोस्कोपखाली येतो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रिपोर्टवर सही माझी असते. नातेवाईक काउंटरवरच पाकीट उघडतात, शेवटची ओळ शोधतात आणि विचारतात, “मॅडम, काही निघालं नाही ना?” याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

‘कॅन्सर आहे’ असं सुईच्या रिपोर्टमध्ये आलं, तर ते जवळजवळ नेहमीच खरं निघतं. ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ या वाक्याचं मात्र तसं नाही. सीटीत बघत घातलेली सुई, कॅन्सर असलेल्या १०० जणांपैकी साधारण ९० जणांचा पकडते. गाठ १ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल, किंवा खालच्या भागात असून श्वासाबरोबर वरखाली होत असेल, तर त्याहून कमी.

आता कागद-पेन घ्या. विड्या ओढणारे, साठीपुढचे, सीटीत काटेरी कडांची गाठ असलेले १०० रुग्ण धरा. त्यातल्या ८० जणांना खरोखर कॅन्सर आहे असं माना. सुई ७२ जणांचा पकडेल, ८ निसटतील. ‘काही नाही’चा रिपोर्ट हातात पडेल एकूण २८ जणांच्या, आणि त्यातल्या ८ जणांना कॅन्सर असेल. म्हणजे चारात एकाहून जास्त! आता दुसरे १०० घ्या: तरुण, कधी विडी न ओढलेले, गाठ गुळगुळीत, कॅन्सर २० जणांनाच. त्यात निसटतील फक्त २ आणि ‘काही नाही’वाले असतील ८२. सुई तीच, रिपोर्टचे शब्दही तेच, पण एका घरात निश्चिंत झोपावं आणि दुसऱ्या घरात दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, हिशेब मात्र असाच चालतो.

म्हणून तयारी सुईच्या आधीपासून करा. जुने एक्स-रे, जुन्या सीटीच्या सीडी माळ्यावरून काढा. घट्ट दिसणारी गाठ दोन वर्षांपूर्वीच्या सीटीत तेवढीच असेल, तर बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते, आणि कधी कधी सुईच टळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आपल्याकडे टीबी घरोघरी, त्यामुळे एक गोष्ट आवर्जून विचारा: “डॉक्टर, टीबीच्या तपासणीसाठी वेगळा तुकडा काढणार ना?” माझ्याकडे येणारा तुकडा फॉर्मलीनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या रसायनात असतो. फॉर्मलीनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. कल्चर आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) यांसाठीचा तुकडा सलाइनच्या बाटलीत हवा. बऱ्याच ठिकाणी बाटल्या नातेवाईकांच्याच हातात देतात. नाव, वय, उजवं की डावं फुफ्फुस हे लेबलवर तिथेच वाचून घ्या आणि सलाइनची बाटली त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा. फॉर्ममध्ये ‘लंग बायॉप्सी’ एवढंच लिहिलेलं असेल, तर सीटीच्या रिपोर्टची झेरॉक्स जोडा. मला त्याने किती मदत होते, कल्पना नाही तुम्हाला.

सुईने कॅन्सर पसरतो, ही भीती गावोगावी आहे. फुफ्फुसाच्या बाबतीत तसं होणं अतिशय विरळा. खरा त्रास हवा भरण्याचा: साधारण चार-पाच जणांत एकाच्या छातीत थोडी हवा साठते, बहुतेकांची आपोआप जिरते, काहींना नळी घालावी लागते. घरी गेल्यावर अचानक दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून बरंच रक्त पडलं, तर थेट कॅज्युअल्टी गाठा आणि सुई लावल्याचं पहिल्या वाक्यात सांगा.

आता रिपोर्ट. शेवटची ओळ सोडा, मधला परिच्छेद वाचा. ‘काही नाही’ तीन तऱ्हांचं असतं.

पहिल्यात दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचं नाव असतं: ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचा पुंजका, टीबीत हमखास दिसणारा) आणि टीबीचे जंतू, बुरशी, किंवा हॅमार्टोमा (कॅन्सर नसलेली साधी गाठ). हे खरं उत्तर. तरीही नुसत्या ग्रॅन्युलोमावर टीबीची औषधं सुरू झाली असतील, तर पुन्हा सीटी कधी करायचा ती तारीख लिहून घ्या, कारण कॅन्सरच्या शेजारीही ग्रॅन्युलोमा सापडू शकतो, आणि टीबी-कॅन्सर एकाच फुफ्फुसात नांदतातही.

दुसऱ्यात ‘जुनाट दाह, फायब्रोसिस (व्रणासारखा घट्टपणा)’ असलं मोघम काही असतं. सर्वांत फसवा हाच. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजतो. गाठीचं तसं नसतं. मध्ये कॅन्सर आणि भोवती सूज, असं असू शकतं, आणि सुई नेमकी सुजेत गेलेली असते. सीटी संशयास्पद असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: “हा रिपोर्ट फोटोशी जुळतो का? नसेल तर पुन्हा सुई, पेट स्कॅन की ऑपरेशन?” पेट स्कॅनमध्ये जास्त साखर खाणाऱ्या पेशी चमकतात, त्यात टीबीही चमकतो, पण गाठीचा जिवंत भाग कुठला हे कळतं आणि पुढची सुई तिथे घालता येते. खाली ‘क्लिनिकल कोरिलेशन सुचवले आहे’, म्हणजे रिपोर्ट रुग्णाच्या बाकीच्या माहितीशी ताडून बघा, असं आम्ही लिहितो ना, ते याचसाठी. (थोडं अंग राखायलाही, नाकारत नाही.)

तिसरं ‘नमुना अपुरा’. नुसतं रक्त, निरोगी फुफ्फुस किंवा फक्त मेलेल्या पेशी. हा निगेटिव्ह रिपोर्ट नव्हेच. तपासणी झालीच नाही असं समजा. मोठ्या गाठीचा मधला भाग मेलेला असतो, तिथे पुन्हा कडेचा तुकडा घ्यावा लागतो.

कॅन्सर निघालाच, तर कुठलं औषध लागू पडेल हे ठरवायला त्याच तुकड्यातून ईजीएफआर, एएलके, पीडी-एल१ या तपासण्या करायच्या असतात. म्हणून बारीक सुईने नुसत्या पेशी ओढण्यापेक्षा जाड सुईने तुकडा काढलेला बरा. दुसऱ्या मतासाठी परळला टाटाला जाणार असाल, तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही सही करून मागून घ्या. ब्लॉक म्हणजे तुमचा तुकडा बसवलेली मेणाची वडी. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.