जुन्या, कमी ताकदीच्या डिझेल ट्रकला कोणता क्राउन-पिनियन घालायचा?

क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधली मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी, बदलून इंजिनाची ताकद वाढत नाही, हे आधी पक्कं समजून घ्या. 110 हॉर्सपॉवरचं इंजिन आणि भरलेली 16 टनांची गाडी असेल, तर पाच टक्के चढावर ती ताशी 27 किमीच्या आसपासच चढेल, मग हौसिंगमध्ये, म्हणजे ही जोडी बसते त्या पेटीत, रेशो 6.83 असो की 5.29. रेशो म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे. रेशोवर अवलंबून असतं ते एवढंच की त्या 27 ला नेमका बसणारा गिअर तुमच्या गिअरबॉक्समध्ये सापडतो की नाही. 9.00-20 टायरवर आणि 2600 आरपीएमला 6.83 सोबत 2.6 च्या जवळचा गिअर लागतो, 5.29 सोबत 3.4 चा. तो नसेल तर खालच्या गिअरमध्ये इंजिन गव्हर्नरला, म्हणजे त्याच्या आरपीएमच्या ठरलेल्या मर्यादेला, टेकतं आणि वरच्यात दम सोडतं. नागपूरहून सिवनीकडे निघालेला ड्रायव्हर मग कुरईच्या घाटात गिअर बदलण्यातच अडकून राहतो.

तर आधी सध्याचा रेशो मोजा. हौसिंगवरच्या पट्टीवर विसंबू नका, कारण जुन्या गाडीत मधल्या काळात कुणी काय बसवलं ते पट्टी सांगत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे) लावा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा आणि मागचं एकच चाक जॅकवर उचलून खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावा. प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून पिनियनपर्यंतचा दांडा) खडूची खूण करा. उचललेलं चाक 20 फेरे फिरवा, शाफ्टचे फेरे मोजा आणि त्यांना 10 ने भागा. 20 ने नाही, कारण दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असताना फिरणारं चाक क्राउनच्या दुप्पट फिरतं. शाफ्टचे 68 फेरे आणि वर थोडं भरलं, तर तुमच्याकडे 41 आणि 6 दातांचा, म्हणजे 6.83 चा सेट आहे. 43 आणि 7 चा 6.14 येतो, 41 आणि 7 चा 5.86, 37 आणि 7 चा 5.29.

टायरचा घेर गाडी भरलेली असतानाच घ्या. टायरवर आणि जमिनीवर खूण करा, सरळ रेषेत पाच फेरे गाडी पुढे घ्या, टेपने अंतर मोजा आणि पाचने भागा. 9.00-20 चा घेर साधारण 3.08 मीटर भरतो, 10.00-20 चा 3.2. हा चार टक्क्यांचा फरक लहान वाटतो, पण नुसते मोठे टायर घातले तरी 6.83 ची गाडी 6.57 सारखी ओढू लागते. त्यामुळे 'टायर बदलल्यापासून पिकअप गेला' अशी तक्रार असेल तर आधी इथेच बघा.

आता हिशोब. टॉप गिअर 1:1 असेल तर (वेग ताशी किमीत, घेर मीटरमध्ये):

आरपीएम = वेग × रेशो ÷ (घेर × 0.06)

3.08 मीटर घेरावर, भरलेली गाडी ताशी 50 ने चालताना 6.83 ला 1850 आरपीएम येतात, 6.14 ला 1660, 5.86 ला 1590 आणि 5.29 ला फक्त 1430.

बिनटर्बो जुन्या इंजिनाचा टॉर्क 1600 च्या जवळ सर्वांत जास्त असेल, तर निवड या आकड्यांतच आहे. रोजच्या भरल्या वेगाला इंजिन त्या जागेच्या 200 ते 300 आरपीएम वर असावं. चढ लागला की आरपीएम उतरतात, टॉर्क वाढत जातो आणि गाडी टॉपमध्येच सावरते. इंजिन आधीच 1430 वर असेल तर खाली उतरताना टॉर्कही घटतो, आणि पुलावर चढणाऱ्या रस्त्यालाही गिअर खाली घ्यावा लागतो. मायलेजसाठी लहान आकड्याचा सेट घालून डिझेल जास्त जळण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: गाडी अर्धा दिवस चौथ्या गिअरमध्ये चालते.

नागपुरात उन्हाळाही मोजावा लागतो. बिनटर्बो इंजिन 25 अंशांच्या मानाने 45 अंशांत सुमारे सहा टक्के कमी हवा ओढतं. जानेवारीत बरोबर वाटलेला रेशो मे महिन्यात अपुरा पडतो. दोन रेशोंमध्ये मन अडलं असेल तर मोठ्या आकड्याचा घ्या.

आमचं स्पष्ट मत असं. उमरेड किंवा सावनेर पट्ट्यातून कोळसा, कन्हानची वाळू, मनसरचं मँगनीज अशा जड आणि जवळच्या फेऱ्यांना 6.83 च ठेवा. खाणीतली वाट 1:16 चढाची असू शकते आणि कच्च्या रस्त्याचा रोध वेगळा. 5.29 वर गाडी तिथून उठेल, पण पहिल्या गिअरमध्ये क्लच रगडून, आणि क्लच प्लेट त्याची किंमत वसूल करेल. हिंगणघाटमार्गे हैदराबाद किंवा अमरावतीकडे नेहमीचा भरलेला माल असेल तर 6.14. 5.86 फक्त हलका माल आणि सपाट रस्ता असेल तरच. समृद्धीवर जायचं म्हणून 5.29 घालू नका. कागदावर 2800 आरपीएमला ताशी 98 किमी दिसतात, पण भरलेल्या गाडीला तो वेग ओढायची ताकद इंजिनात नाही आणि थांबवायचे ब्रेकही नाहीत.

सेट विकत घेण्याआधी एअर फिल्टर, इंजेक्टर, पंपाचं टायमिंग आणि अडकणारे ब्रेक ड्रम तपासा. दोष तिथे असेल तर हौसिंग उघडायची गरजच नाही.

क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्या. दोन्हींवर कोरलेला जोडी क्रमांक जुळला पाहिजे. भंगारातला सेट असेल तर दातांवर खड्डे आणि निळसर डाग बघा, निळा डाग म्हणजे सेट तेलाविना तापलेला. बसवताना बॅकलॅश (दोन्हींच्या दातांमधली मोकळीक) डायल गेजनेच लावा, मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे. हाताच्या अंदाजाने लावलेला सेट घुंघुं करतो. दातांना शेंदूर किंवा निळा रंग लावून फिरवा. ठसा दाताच्या टोकाकडे उमटला तर पिनियन क्राउनपासून दूर आहे, शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) आत घ्या. मुळाकडे उमटला तर फार आत आहे, बाहेर काढा. पिनियन हलवला की बॅकलॅश पुन्हा तपासावाच लागतो. ब्रीदर (हौसिंगमधली हवा बाहेर सोडणारं भोक) साफ करा, नाहीतर गरम हवेचा दाब नवं ऑईल सील फोडतो. पहिले 500 किमी निम्मा भार ठेवा, मग तेल बदला. काढलेल्या तेलात बारीक चकाकी चालते, कण बोटाला टोचले तर पुन्हा उघडा.

शेवटी मीटर. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर रेशो बदलला की तो चुकतो. 6.83 चा 6.14 केला तर काटा 60 वर असताना गाडी खरी 67 ने धावते. उलट 5.86 चा 6.83 केला तर 100 किमीला मीटर जवळपास 117 दाखवतो आणि एव्हरेज वाढल्याचं खोटं समाधान मिळतं. मीटरची गरारी बदलून घ्या. गाडीचा कमाल वेग रोखणारा स्पीड गव्हर्नर असेल तर तोही नव्याने सेट करून घ्या, आणि तोवर डिझेलचा हिशोब रस्त्यावरच्या किलोमीटर दगडांवरून करा.