फ्लू: गड्ड्याआधी लस, घरी मोजून औषध

आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा जोर धरतो, पावसाळ्यात आणि जानेवारी ते मार्च. दुसरी लाट नेमकी सोलापुरातल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या, गर्दीच्या सुमारास येते. लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे गड्ड्याच्या आदल्या दिवशी टोचून घेऊन उपयोग नाही. मेअखेर घ्या, राहिली तर डिसेंबरात तरी. विषाणू रूप बदलतो म्हणून ती दरवर्षी लागते. वृद्ध, गरोदर बायका, मधुमेह किंवा दमा असणाऱ्यांनी टाळू नये.

अचानक चढलेला ताप, ठणकणारे अंग, कोरडा खोकला ही फ्लूची ओळख. पावसाळ्यात तो डेंगीही असू शकतो. म्हणून खात्री होईपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको, फक्त पॅरासिटामॉल.

खरी गफलत मापात होते. मुलाला एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास. दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम. 5 मिलीत 125 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते 6 मिली, पण 250 वाल्याचे फक्त 3 मिली. बाटल्या सारख्याच दिसतात, म्हणून लेबल वाचा आणि चहाच्या चमच्याऐवजी झाकणाचे माप किंवा सिरिंज वापरा. मोठ्यांनी 500 मिलिग्रॅमची गोळी सहा तासांनी. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, वर आणखी घेतले की यकृतावर भार.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, मेडिकलवाला देत असला तरी. फ्लूच्या विषाणूवरचे औषध ऑसेल्टामिव्हिर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, शक्यतो पहिल्या 48 तासांत. जोखमीच्या रुग्णाने तपासणीच्या रिपोर्टसाठी थांबू नये.

भाकरी गिळवत नसेल तर कण्यांची पातळ पेज चालते. पाणी थोडे थोडे, लघवी गडद होऊ देऊ नका. लहान मुलाला उकळत्या पातेल्याची वाफ देऊ नका, भाजते.

औषधाशिवाय ताप उतरून 24 तास होईपर्यंत कारखान्यात जाऊ नका. यंत्रमागाच्या खडखडाटात ओरडूनच बोलावे लागते, तेही कानाशी तोंड नेऊन. तिथे फ्लू पसरायला वेळ लागत नाही.

धाप, छातीत दुखणे, ओठ निळसर, गुंगी, बाळाने दूध न पिणे, रक्तातला ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली: थेट दवाखाना. दोन दिवस बरे वाटून ताप पुन्हा उसळला, खोकला वाढला, तर न्यूमोनियाची शंका धरा आणि त्याच दिवशी दाखवा.